भुशाचे दात

“पुढचे सगळे दात काढून टाकावे लागतील,” डॉक्टर म्हणाल्या. “कायमचा उपाय हा एवढाच.”

टॉवेलात गुंडाळलेला सुताराचा ससा टेबलावर अंग चोरून बसला होता. लाकडाच्या भुशाचा रंग, म्हणून नावही भुसा. त्याचे वरचे दात आत वळले होते, खालचे ओठांबाहेर आले होते. आजवर डॉक्टर ते घासून लहान करून द्यायच्या. पण सशाचे दात नखांसारखे वाढतच राहतात. घासून घेतले की पुन्हा वाढायचे. आता तर भुशानं गवताला तोंड लावणंच सोडलं होतं. सुतार त्याला सिरिंजनं पातळ खाणं भरवत होता आणि निम्मं त्याच्याच शर्टावर सांडत होतं.

“भूल सोसली नाही तर?”

“धोका आहेच. पण असाच उपाशी राहिला तर नक्की जाईल.”

एरवी एकदा माप घेतलं की बेधडक करवत चालवणारा हा गडी. आज तो एका ‘हो’साठी अडून बसला होता. बायको गेल्यापासून संध्याकाळी दार उघडल्यावर पायात घुटमळणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

सोबत त्याची थोरली बहीण आली होती, दुकानातून अर्धी रजा टाकून. तो तिच्याकडे वळला. “दात नसलेला ससा खाणार कसा, ताई? वाचवून पुन्हा उपाशीच मारायचा का त्याला?”

“खाईल. काढून टाका म्हणावं.”

“तुझं काय जातंय सांगायला!” तो उखडलाच. “कुणाच्या भरवशावर बोलतेस एवढं?”

“माझ्या,” ताई म्हणाली. आवाज चढला नाही, नजर हलली नाही.

सुतारानं भुशाच्या कानांमधून एकदा हात फिरवला आणि डॉक्टरांना म्हणाला, “करा.”

बाहेरच्या बाकावर दोघं बसून राहिली. आतून डॉक्टर हसतच बाहेर आल्या, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी ताईसोबत येऊन दवाखान्यातल्या पिंजऱ्यासमोर सुतारानं बारीक चिरलेला गाजराचा पाला तळहातावर धरला. भुशानं हुंगलं. नाकानं ढकललं. तोंड वळवलं. सुतारानं हात तसाच धरून ठेवला. तेवढ्यात भुसा फिरला, ओठांनीच एक पान पकडलं, आत ओढलं आणि मागच्या दाढांनी करकर चावू लागला. मग दुसरं पान. मग तिसरं. तळहात रिकामा झाला तसा तो सुताराची बोटंच चाटू लागला.

“खातोय! ताई, खातोय गं!” सुतार असा ओरडला की शेजारच्या खोलीतली कुत्री भुंकायला लागली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. “पण तुला गं एवढी खात्री कशी होती?”

ताईनं दार लोटून घेतलं. तोंडापाशी हात नेला आणि पुढचे चार दात काढून त्याच्या ओल्या तळहातावर ठेवले.

“एकटी जेवताना मी हे काढूनच ठेवते,” बोळक्या तोंडानं हसत ती म्हणाली. “कधी उपाशी दिसले का रे तुला?”