पाचवं शील

आमच्या खारी गावच्या बुद्धविहारात दर रविवारी टीव्हीवरची मालिका संपली की सगळे पंचशील म्हणायला जमतात. पहिली चार शीलं सुरळीत पार पडतात. पाचवं, दारू न पिण्याचं, आलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. नऊ वर्षं मी पिऊन येऊन बसायचो, तेव्हा एकानेही वळून पाहिलं नाही. आता चार महिने थेंब घेतला नाही, तर माझं तोंड तपासतात! माझी दातखीळच बसते. मागच्या रविवारी मी मध्येच उठून चपला घातल्या. "अहो, बघू द्या की," बायको म्हणाली. "तुझ्याकडे बघतात का?" म्हणून मी तिच्यावरच खेकसलो. बुधवारी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये हाच राग ओकला. शेजारी चौक गावचा बाळाराम होता. मासेमारी करणारा, दारू सोडून सात वर्षं झालेला. तो म्हणाला, "तुमचं ते पाचवं काय हाय, ते मला लिवून दे." मी सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर लिहून दिलं. रविवारी तो विहारात माझ्या आधी हजर! माझ्याशेजारी मांडी घालून बसला. पहिल्या चार शीलांना तो गप्प होता. पाचवं येताच त्याने चुरगळून मऊ झालेलं पाकीट डोळ्यांसमोर धरलं आणि होडीवरून किनाऱ्याला हाक मारावी तशा आवाजात चुकतमाकत सुरुवात केली. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याच्या आवाजाच्या आडोशाला, चार महिन्यांत पहिल्यांदाच, मी माझं पाचवं शील शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणून घेतलं.