जाबिरची शपथ

माझ्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी इजिप्तमधल्या पोर्ट सईदच्या मैदानात गोलजाळीमागे कॅमेरा घेऊन बसलो होतो. आमचा गोलकीपर जाबिर चेंडूवर झेपावला, मी बटण दाबलं आणि पंचाने गोल दिला. आम्ही हरलो. संध्याकाळी जाबिर माझ्या फोटोच्या दुकानात आला. “उस्ताद, चेंडू आत गेला होता का?” “तूच ओरडत होतास, नाही गेला म्हणून!” “आईची शपथ घेतली मी. पण झेपावताना डोळे मिटले होते. तुम्ही पाहिलंत ना?” “बटण दाबलं की कॅमेऱ्यात अंधार होतो रे. नेमकं तेवढंच मला दिसत नाही.” “वा! आंधळ्यालाच वाट विचारली! फोटो धुवा.” फोटोत चेंडू जाबिरच्या पाठीआड होता. “शपथ खरी की खोटी?” मला सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. जाबिरची आई सनिय्या त्याच वर्षी ईदच्या आदल्या दिवशी वारली.