आवडलं तर एक ठोका

"आवडलं तर एक ठोका, नाही आवडलं तर दोन. भिंतीपलीकडून ओरडायचं नाही. बाळ उठलं की मालिका तुझी बुडणार आणि बोलणी मला बसणार."

भिंतीतून धप् धप् असे दोन ठोके आले, तसं तिला रिळकाकांचं हे फर्मान आठवलं. थोडा रागही आला. इतका छान भाग चाललाय आणि यांना आवडत नाही!

रिळकाका शेजारी एकटेच राहायचे. सगळं आयुष्य चित्रपटगृहात रिळं चालवण्यात गेलेलं, म्हणून हे नाव. आता कानाने कमी, त्यामुळे त्यांचा टीव्ही साऱ्या मजल्याला ऐकू यायचा. बाळ झोपलं की ती आपला टीव्ही मुका करायची आणि काकांच्याच आवाजावर मालिका बघायची. चित्र तिचं, आवाज काकांचा. परीक्षण दोघांचं, भिंतीवर.

पटायचं मात्र कधीच नाही. भूत शेवटपर्यंत दाखवू नये, हे काकांचं ठाम मत. "एकदा तोंड दिसलं की ते भूत राहत नाही, पाहुणा होतो." हल्लीच्या सिनेमात माणसं मरतात फार आणि रडत कुणीच नाही, हीही त्यांची तक्रार. रहस्यकथेतला खुनी अर्ध्यातच ओळखला की ते पुस्तक तिच्या हातात द्यायचे. "घे, भाजी निवडता निवडता वाच. भाजी जास्त रंगेल." तिचा राग नायिकांवर. आवाज आला की या एकट्या निघाल्याच बघायला! "अगं बये, दार लावून आत बस ना," असं ती पडद्याला रोज बजावायची.

आज दुपारी तर मालिकेतली सून जिना चढत होती आणि वरच्या खोलीत पाळणा आपोआप हलत होता.

धप् धप्.

तिने भिंतीवर एक ठोका दिला. मला आवडलं.

लगेच दोन आले. तिने पुन्हा एक दिला. पुन्हा दोन.

"आज हट्टालाच पेटलेत," ती पुटपुटली आणि हसून आणखी एक दिला, जरा जोरातच. पाळण्यात काय आहे ते कळायच्या आतच जाहिराती लागल्या. पडद्यावर एक बाई साबणाचा फेस उडवत होती. भिंतीतून साबणाचं गाणं येत होतं.

धप् धप्.

तिचं हसू मावळलं. साबणाच्या जाहिरातीवर कोण मत देतं?

तिने नीट कान दिला. काकांची खुर्ची भिंतीला लागून होती. ठोका यायचा तो तिच्या खांद्याच्या उंचीवर. हा खालून येत होता, फरशीला लागून. ती गुडघे टेकून बसली आणि भिंतीला कान लावला. गाण्याच्या तळाशी काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं. मग धप्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्.

तिने काकांना फोन लावला. भिंतीपलीकडे घंटी वाजली, वाजत राहिली, थांबली.

मग नवऱ्याला लावला. "अहो, काका पडलेत बहुतेक."

"कुणी सांगितलं?"

"भिंतीने."

"बघ अजून भुताच्या मालिका!" तो हसला. मग त्याचा आवाज उतरला. "हे बघ, त्यांची किल्ली आपल्याकडे आहे म्हणून एकटी आत जाऊ नकोस. काय असेल, काय नसेल. मी तासाभरात येतो. तोवर दार लावून आत बस."

तिला खरंच बसावंसं वाटलं. फ्रीजवरची किल्ली दिसत होती आणि किल्लीच्या पुढचं सगळंही दिसत होतं. बंद पडदे. आडवी खुर्ची. उघडे राहिलेले डोळे. इतकी भुतं बघितली, पण मनाने असं काही कधी उभं केलं नव्हतं. ती देवाचं नाव घेऊ लागली, तर तेही मधेच तुटलं.

मालिका परत सुरू झाली. पाळणा हलू लागला. तिने बघितलं नाही. तिची नजर भिंतीवर होती, आणि त्या भिंतीकडे बघता बघता तिला एकदम उमगलं.

भाग सुरू झाल्यापासून तिकडून दोन ठोके येत होते आणि प्रत्येक वेळी तिने हसत हसत एक परत दिला होता. पलीकडे फरशीवर पडलेल्या माणसाला एवढंच कळलं होतं, की तिला ऐकू येतंय आणि तिला आवडतंय.

तिने हाक मारली. त्यांच्याच टीव्हीतल्या किंकाळीत हाक बुडून गेली. भिंतीवर ठोकायला मूठ उचलली आणि तशीच थांबली. आणखी एक? की दोन? ठोके फक्त आवडीनिवडीचे ठरले होते. "येते" असं सांगायचा ठोका दोघांनी कधी ठरवलाच नव्हता.

तिने मूठ उघडून तळहात भिंतीवर ठेवला. "आलेच, काका," ती म्हणाली. तिकडे ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही म्हणाली. मग झोपलेलं बाळ खांद्यावर घेतलं, किल्ली उचलली आणि भीत भीत दाराबाहेर पडली.