शून्य दंडाचं गाव

यमुना टेकाडेच्या पत्राला मोडकसरांनी उत्तर दिलंच नव्हतं. जुन्या विद्यार्थिनीने एवढंच विचारलं होतं, "सर, कारखान्याचा वास अचानक गेला. आनंद मानू ना?" उत्तर लिहायला घेऊन त्यांनी दोनदा कागद बाजूला सारला होता.

आज तिचंच गाव त्यांच्या प्रदूषण-तपासणीच्या प्रशिक्षणवर्गात पडद्यावर आलं. हल्ली कारखान्यांना होणारा प्रदूषणाचा दंड लोकांच्या मनगटावरचे, त्रास मोजणारे पट्टे ठरवत. वासाने जीव जितका कासावीस होई, तितका दंड मोठा. या गावात तो शून्य होता.

"आदर्श गाव, सर!" तरुण संशोधक ऋग्वेद म्हणाला. "कारखाना नाकात घालायचे सर्दीचे थेंबसुद्धा घरोघरी फुकट वाटतो."

"सर्दीचे? भर वैशाखात?"

"सर, तुम्हाला चांगली बातमीही बाधते!"

वर्ग हसला. सर ओशाळले. आपलंच चुकत असेल, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी तिथल्या हवेची मोजणी मागवली. धूर पूर्वीइतकाच होता.

संध्याकाळी त्यांनी यमुनेला लिहिलं, "नाकात थेंब घालणं थांबव. लसणाची फोडणी देऊन बघ. तिचाही वास आला नाही, तर गावाला सांग, धूर गेला नाही, थेंबांनी आपलं नाकच मारलंय."

टपालपेटीपाशी ते पुन्हा घुटमळले. मग त्यांनी पाकीट आत सोडलं.