चार खाचांचा नट

सहादू मिस्त्रीनं इंजिनावर टॉर्च मारला आणि तोंड वाकडं केलं. आज चौथा दिवस, पण त्या नटाकडे बघितलं की त्याच्या तोंडात अजून शिवी यायची. क्लचचा गोल नट, कडेला चार खाचा. खाचांत बसेल असं चार दातांचं हत्यार लावायचं आणि अलगद फिरवायचं, इतकं साधं काम. पण मागे कुणीतरी सरळ छिन्नी टेकवून वर हातोडा हाणला होता. दोन खाचा पार फाटल्या होत्या. छिन्नी निसटून खालच्या ॲल्युमिनियमवरही बोटभर ओरखडा गेला होता.

"हा मिस्त्री नाय, दरोडेखोर हाय," पहिल्याच दिवशी तो सुमेधा मॅडमना म्हणाला होता. "असल्याला इंजिनाजवळ फिरकू द्यायचं नाय. म्हशी राखायला पाठवावं. पण नको, त्या म्हशींनी काय घोडं मारलंय?"

गाडी सुमेधाची. ती कॉलेजात शिकवायची आणि जुन्या मोटारसायकलींपायी वेडी होती. पेठ गावाजवळच्या एका गोठ्यातून तिनं ही पासष्ट सालची गाडी उचलून आणली आणि सातपूरला सहादूच्या शेडमध्ये टाकली. मिस्त्रींचं ते बोलणं तिनं फोनवर रेकॉर्ड केलं आणि नटाच्या फोटोसकट जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकलं. झालं! चार दिवस ग्रुपला दुसरा उद्योग नव्हता. कुणी दरोडेखोराला फाशी देत होतं, कुणी त्याच्या हातात बेड्या घालत होतं, आणि सगळे मिळून सहादू मिस्त्रींना हात जोडत होते. सुमेधा ते वाचून दाखवायची. सहादू ऐकत नसल्यासारखं करायचा आणि हातातली कानस थांबवायचा.

एवढ्या जुन्या गाडीचं हत्यार बाजारात कुठलं मिळायला? त्यानं घरीच केलं. ट्रकच्या जुन्या पान्याचा सॉकेट तापवून लाल करून मऊ केला, कानशीनं घासून घासून चार दात काढले, दर दोन घासण्यांनी खाचांत बसवून बघितले, परत लाल करून तेलात बुडवला. दांडा वेल्डिंगनं जोडला. त्यावर आज सकाळी टोकदार पंचानं ठिपके ठोकून आपलं नावही घातलं, बायका भांड्यांवर घालून घेतात तसं.

तेवढ्यात त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं क्लचचं झाकण आठवलं, ते त्यानं बाहेर काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला जळक्या तेलाचा थर चढला होता. नाशकातल्या जुन्या गॅरेजांची एक रीत होती. इंजिन ज्यानं उघडलं त्यानं झाकणाच्या आत आपलं नाव आणि साल ठोकायचं. सहादूनं थरावरून नख फिरवलं. खाली ठिपके लागले.

"मॅडम, या लवकर!" त्यानं लगेच फोन लावला. "दरोडेखोर सापडला. नाव निघतंय त्याचं!"

फोन खिशात टाकून तो ब्रशनं घासायला बसला. आधी साल निघालं, ८९. मग 'दू' निघाला. 'द'चा पाय नको तितका लांब ओढलेला. सहादूचा ब्रश थांबला. त्यानं नव्या हत्याराच्या दांड्याकडे बघितलं. तिथेही 'द'चा पाय तसाच लांब होता.

उरलेली अक्षरं घासायची काही गरजच नव्हती. तरी त्यानं घासली. सहादू, ८९. त्यानं फडक्यानं पुसलं, तर नाव आणखीच स्वच्छ झालं.

शी! चार दिवस ज्याच्या नावानं थुंकत होतो तो हा. हजार इंजिनं उघडली असतील, हे कुठलं ध्यानात राहायला? पण ध्यानात नव्हतं म्हणून फाटलेल्या खाचा काही भरून येत नव्हत्या.

टेबलावर पॉलिश पेपर पडलेला होता. ॲल्युमिनियम मऊ, दोन मिनिटांचं काम. त्यानं पेपर उचलला आणि दोनदा फिरवला. 'स' फिका झाला. मग पेपर फेकून तो शेडच्या दारात जाऊन उभा राहिला.

सुमेधाची स्कूटर आली. ती हातात फोन घेऊनच उतरली. "कोण निघाला, काका? ग्रुपवर सगळे वाट बघतायत."

नाव नीट वाचता येत नाही, असं म्हणता आलं असतं. सहादूनं झाकण तिच्यापुढे धरलं.

तिनं वाचलं. परत वाचलं. मग नटाकडे बघितलं, आणि सहादूकडे बघायचं टाळलं. फोन तिनं पर्समध्ये टाकला.

"जाऊ द्या, काका," ती हळूच म्हणाली. "मी नाही टाकत काही. तेव्हा तुम्ही नवखे असाल. हत्यार तरी कुठलं असणार तुमच्याकडे?"

किती चांगली पोरगी! हो म्हणायचं, मान हलवायची, चहा सांगायचा. मान अर्धी हललीही होती.

"होतं," सहादू म्हणाला. स्वतःच्या आवाजाचीही त्याला किळस आली. "उस्तादनं हातानं केलेलं होतं. समोरच, खिळ्याला टांगलेलं. मी खाली बसलेलो, उठायचा कंटाळा केला."

त्यानं झाकण दारातल्या उजेडात नेऊन धरलं.

"काढा फोटो. आणि हे पण लिहा त्याच्याखाली."