डिस्कची वाटणी

"एकीनं भागायचं न्हाय, दादा," स्वरूपा म्हणाली. "मल्हारदादाकडची डिस्क लागंल."

बनाबाईंनी निवडायला घेतलेली मेथी हातातच धरली आणि थोरल्या लेकाकडं पाहिलं. पाच महिने झाले, धाकट्याचं नाव निघालं की युवराज भरल्या ताटावरून उठायचा. आज मात्र त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"वाटलंच हुतं मला," तो म्हणाला. "तूच लाव फोन. मी बोलावलंय म्हणून सांगू नगंस." आणि पायात चपला सरकवून दूध आणायला निघून गेला.

बनाबाईंना याचं नवल वाटलं. तसं त्यांना कशाचंही नवल वाटे. इंदापूरच्या स्टँडवर एकदा त्यांनी कंडक्टरला तिकिटाचं मशीन उघडून दाखवायला लावलं होतं, आणि बिचाऱ्यानं दाखवलंही होतं. झाकण लावलेला डबा आणि घडी घातलेला कागद त्यांना बघवत नसे.

आता त्या लेकीच्या खांद्यावरून कॉम्प्युटरमध्ये डोकावल्या. स्वरूपा बारामतीला एमआयडीसीतल्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायची. सकाळपासून तिनं स्टुडिओतल्या या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यात नवी सिस्टीम घातली होती आणि युवराजनं आणलेली डिस्क जोडली होती. पडद्यावर बारीक बारीक चित्रांच्या रांगा लागल्या होत्या. प्रत्येक चित्रात मुंडावळ्या.

"अगं, ही तर लग्नंच हायती की! सगळी हायती?"

स्वरूपानं ओठावर बोट ठेवलं. "सगळी हायती. चौदा वर्षांची. दोन्ही डिस्कांत एकच लिहिलेलं असतंय, आई. एक गेली तर दुसरी असावी म्हणून."

"मग मल्हारची कशाला पायजे?"

स्वरूपानं पडदा बंद केला आणि फोन उचलला. बनाबाईंना मग सगळं समजलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड या घरात नवऱ्याकडून आली होती. ती पोरीनं बरोबर उचलली होती.

दोघा भावांचा फोटो-शूटिंगचा स्टुडिओ होता. एका रविवारी युवराजनं सिस्टीमचा अपग्रेड चालू केला. तीन तास पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. तेवढ्यात मल्हार भिगवणची हळद शूट करून आला. त्याला ती उतरवून घ्यायची घाई. अडकलं असेल म्हणून त्यानं बटण दाबलं. त्यानंतर ते मशीन उठलं नाही. 'तू बंद का केलंस' आणि 'तू चालू कशाला केलंस' यावरून सुरू झालेलं भांडण वाटणीवर गेलं. रीतीप्रमाणं थोरल्यानं वाटे घातले, धाकट्यानं आपला आधी उचलला. कॅमेरे वाटले, दिवे वाटले, आणि मेलेल्या मशीनच्या दोन डिस्काही एकेक वाटून घेतल्या. सात वर्षांची लग्नं तुझी, सात वर्षांची माझी, असा दोघांचा हिशोब. मोकळा डबा मात्र कुणालाच नको होता. तो आईकडं आला. बनाबाई त्यावर लोणच्याची बरणी ठेवत.

तासाभरानं मल्हार आला. डिस्क त्यानं बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली होती. तो उंबऱ्याजवळच बसला. दूध घेऊन परतलेला युवराज खिडकीपाशी. मधे स्वरूपा. तिनं दुसरी डिस्क जोडली, कपाळाला आठ्या घातल्या, उगाच दहा बटणं दाबली, एकदा "अरे देवा" म्हणाली. दोघे भाऊ नकळत पुढं सरकले. बनाबाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही.

"जमलं!"

पहिलंच उघडलं ते पणदऱ्याचं लग्न. वरातीपुढं कॅमेरा धरून मागं मागं चालणारा मल्हार थेट बासुंदीच्या पातेल्यात बसला, ते.

"पोरीच्या मामानं काय धुतला हुता तुला!" युवराज म्हणाला.

"आन तू शूटिंग न्हाई थांबवलंस!"

"थांबवतोय कशाला? त्या लग्नात तेवढंच बघण्यासारखं हुतं."

मल्हार हसला. मग युवराज. पाच महिन्यांचं हसू साठलं होतं, ते दोघांना आवरेना. मल्हार उंबऱ्यावरून उठून कधी भावाशेजारी येऊन बसला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बनाबाईंना फार बरं वाटलं. त्यांनी पिठलं टाकायचा बेत मोडला आणि पुरणाची डाळ काढली.

स्वयंपाकघरात त्यांनी लेकीला दंडाला धरून जवळ ओढलं. "एकीत सगळं हुतं, हे थोरल्याला जलमात कळू देऊ नगंस. मानी हाय त्यो. फसवून बोलावलं म्हणंल."

"न्हाय सांगत," स्वरूपा म्हणाली.

बाहेर पडलेला पसारा बनाबाई आवरू लागल्या. ओढणीची घडी घातली. युवराजनं डिस्क आणली होती तो पुठ्ठ्याचा खोका टाकून द्यायला उचलला, तर तळाशी कागदाची घडी. त्यांनी ती अर्थातच उलगडली. वर पुण्यातल्या कुठल्याशा कॉम्प्युटर दुकानाचं नाव होतं, परवाच्या गुरुवारची तारीख होती, आणि खाली कुणीतरी ठळक अक्षरात लिहिलं होतं:

'युवराजभाऊ, डिस्क तपासली. सगळी लग्नं हिच्यात सुखरूप आहेत. दुसऱ्या डिस्कची गरज नाही.'