दाराची कडी

भावनाचं लग्न झालं त्या वर्षी तिचा भाचा प्रणय नऊ वर्षांचा होता आणि शाळेचा जिना चढताना धापा टाकायचा. शहापूरच्या डॉक्टरांनी त्याच्या आजीला, म्हणजे भावनाच्या आईला, सुंदराला, बजावलं, “याला घरात बसवून खाऊ घालू नका. शेतात हुंदडू द्या.” तिने मान डोलावली.

संध्याकाळी पोरं दाराशी आली. “आजी, प्रणयला सोड ना गो. धावायचं नाय त्याने, विकेटकीपर ठेवतो.”

“नाय रे, त्याचा अभ्यास हाय,” म्हणत तिने कडी घातली आणि प्रणयच्या हातात मोबाइल अन् वेफर्सची पुडी दिली.

“आजी, डॉक्टर तर जा बोलले.”

“उद्या जा.”

आपलं चुकतंय हे तिला कळत होतं, पण कडी काढायला हात उठत नव्हता. प्रणयची थोरली बहीण वैष्णवी आदल्या भाद्रपदात शेताच्या बांधावर खेळताना घोणस चावून दगावली होती.